पुस्तकात नसलेला धडा

मध्य जावातील सुराकार्ता शहराला लागून असलेल्या न्ग्रुकी या गावी १७ ऑगस्ट २०२२ रोजी एक कार्यक्रम झाला. इंडोनेशियाचा तो स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी त्या देशातील लक्षावधी शाळांच्या प्रांगणांत लाल-पांढरा ध्वज चढतो, तसाच तो न्ग्रुकीच्या ‘अल मुकमिन’ या निवासी इस्लामी विद्यालयातही चढला. तरीही देशभरातील वृत्तपत्रांनी या ध्वजवंदनाची ठळक दखल घेतली, तत्कालीन समन्वय मंत्री मुहाजिर एफेंदी समारंभाला जातीने उपस्थित राहिले. याचे कारण असे की, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या त्या विद्यालयात स्वातंत्र्यदिनाचा असा सोहळा तोवर झालेला नव्हता. विद्यालयाचे एक संस्थापक अबू बकर बाशीर यांनी आयुष्याचा मोठा भाग राष्ट्रध्वजाला वंदन करणे आणि ‘पंचशील’ या राष्ट्रीय तत्त्वसूत्राला मान देणे हे धर्माशी विसंगत आहे असे मानण्यात घालवला होता. त्याच बाशीर यांनी त्या महिन्यात आपल्याला पंचशील मान्य असल्याचे जाहीर केले.

या घटनेतील मर्म ध्वज चढला यात जितके आहे, त्याहून अधिक तो पन्नास वर्षे चढला नाही यात आहे. ‘ध्वजाला वंदन करू नका’ असा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकात छापावा लागत नाही. तपासणीस आला असता तर त्याला गणित, भाषा, व्याकरण, धर्मशास्त्र असे सारे विषय वेळापत्रकात रीतसर दिसले असते. परंतु वर्षानुवर्षे मोकळ्या राहिलेल्या ध्वजस्तंभाने तेथील मुलाला जे शिकवले, ते त्या वेळापत्रकात कोठेही नव्हते. बारा-तेरा वर्षांचा मुलगा शब्दांपेक्षा मौन अधिक नेमकेपणाने वाचतो. आपले गुरुजन कशापुढे उभे राहतात, कशापुढे उभे राहत नाहीत, कोणाचे नाव आदराने घेतात आणि कोणत्या प्रश्नाला उत्तर देण्याचे टाळतात, हे तो टिपत असतो. आणि परीक्षेनंतर पुस्तकातील मजकूर विसरला तरी हे टिपण तो विसरत नाही.

शिक्षणशास्त्रात या टिपणाला ‘अप्रकट अभ्यासक्रम’ असे नाव आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फिलिप जॅक्सन यांनी १९६८ मध्ये वर्गातील दैनंदिन जीवनावर लिहिलेल्या ग्रंथातून ही संज्ञा रूढ झाली. रांगेत थांबणे, आपली पाळी येईपर्यंत धीर धरणे, सर्वांसमक्ष होणारी स्तुती आणि निर्भर्त्सना सहन करणे, सत्ता कोणाच्या हाती आहे हे ओळखणे, या गोष्टी शाळा न शिकवता शिकवते, असे त्यांचे निरीक्षण होते. पाश्चात्त्य शास्त्राला ही संज्ञा १९६८ मध्ये गवसली. मराठी माणसाकडे मात्र त्यासाठी फार जुना आणि अधिक अर्थवाही शब्द आहे. तो शब्द म्हणजे संस्कार. ‘शाळा चांगली आहे, पण तेथे संस्कार कसे होतात?’ असा प्रश्न घरातील आजी विचारते, तेव्हा ती या अप्रकट अभ्यासक्रमाचीच चौकशी करत असते.

दिवसाचे सहा तास भरणाऱ्या शाळेत या अप्रकट अभ्यासक्रमाला घराचा, शेजाराचा, बाजाराचा प्रतिवाद असतो. निवासी विद्यालयात तो नसतो. तेथे झोप, जेवण, स्नान, खेळ, मैत्री, भांडण आणि प्रार्थना हे सर्व एकाच छपराखाली, एकाच अधिकाराच्या छायेत घडते. म्हणूनच इस्लामी निवासी विद्यालयांविषयी गंभीरपणे विचार करावयाचा तर जगात ज्या देशात या संस्थांचे जाळे सर्वांत घनदाट आहे, त्या इंडोनेशियाकडे पाहावे लागते. तेथे त्यांना ‘पेसांत्रेन’ म्हणतात. त्यांची नोंदलेली संख्या तीस हजारांहून अधिक असून त्यांत लक्षावधी मुले-मुली राहतात.

पेसांत्रेन म्हणजे ‘सांत्री’चे, अर्थात विद्यार्थ्याचे निवासस्थान. ‘सांत्री’ हा शब्द संस्कृतातील ‘शास्त्री’वरून आला असावा, असे काही विद्वानांचे मत आहे, इतर काहींनी वेगळ्या व्युत्पत्त्या सुचवल्या आहेत. हा वाद बाजूला ठेवला तरी तेथील भाषेत शिक्षक हा ‘गुरू’, विद्यार्थी हा ‘सिस्वा’, वसतिगृह म्हणजे ‘आस्रामा’, पुण्य म्हणजे ‘पहाला’, पाप म्हणजे ‘दोसा’ आणि रोजा म्हणजे ‘पुआसा’ आहे. शिष्य, आश्रम, फल, दोष, उपवास ही त्यांची मूळ रूपे मराठी वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही. उपासनापद्धती बदलली तरी शब्दांतून जुने घर सहजी जात नाही, हा त्यातील लक्षणीय भाग आहे.

जामाख्शारी धोफियर या इंडोनेशियन अभ्यासकाने १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पेसांत्रेनची पाच अंगे सांगितली: वसतिगृह, मशीद, अभिजात अरबी ग्रंथांचे अध्ययन, विद्यार्थी आणि ‘क्याई’. क्याई म्हणजे संस्थेचा प्रमुख. बहुधा तिचा संस्थापक किंवा संस्थापकाचा वंशज. पारंपरिक पेसांत्रेनमध्ये अध्यापनाच्या दोन रीती आहेत. ‘सोरोगान’मध्ये विद्यार्थी एकेकटा पोथी घेऊन गुरूपुढे बसतो आणि वाचून दाखवतो. ‘बांदोंगान’मध्ये गुरू अरबी वाक्य वाचतो, शब्दाशब्दाचा जावानी अर्थ सांगतो आणि भोवती बसलेले विद्यार्थी तो अर्थ पिवळसर कागदावरील ओळींच्या खाली बारीक अक्षरात टिपून घेतात. या ग्रंथांना ‘पिवळे ग्रंथ’ असेच नाव पडले आहे.

हा झाला प्रकट अभ्यासक्रम. अप्रकट अभ्यासक्रम पहाटेच्या घंटेपासून सुरू होतो. उजाडण्यापूर्वी उठणे, स्नानगृहासमोर रांग धरणे, सामूहिक प्रार्थना, सफाईचे सामुदायिक श्रम, एकाच मोठ्या ताटाभोवती बसून अनेकांनी मिळून जेवणे, आपले कपडे आपण धुणे, महिन्याला आलेल्या पैशांत भागवणे आणि घरची आठवण गिळून राहणे. श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा आणि गरीब कोळ्याचा मुलगा येथे एकाच चटईवर झोपतो. यातून जे शिकले जाते, ते कोणत्याही नीतिशास्त्राच्या पुस्तकाने शिकवता येणार नाही. याच कारणाने १९३५ च्या सुमारास इंडोनेशियन विचारवंतांमध्ये राष्ट्रीय संस्कृतीविषयी जो गाजलेला वाद झाला, त्यात डॉ. सुतोमो यांच्यासारख्या राष्ट्रवादी नेत्याने वसाहतकालीन डच शाळांपेक्षा पेसांत्रेनच्या गुरू-शिष्य सहवासाची बाजू घेतली. की हाजार देवांतारा यांनी १९२२ मध्ये योग्यकर्ता येथे ‘तामान सिस्वा’ ही राष्ट्रीय शाळा काढली, तेव्हा त्यांच्याही मनात शिक्षक-विद्यार्थी एकत्र राहतात अशा आश्रमाचीच कल्पना होती. १९२७ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर जावाच्या प्रवासात या संस्थेत गेले, यात नवल नाही. विद्यार्थ्याच्या मनावर गुरूच्या जगण्याचा ठसा उमटतो, ही श्रद्धा दोन्हीकडे समान होती.

हा अप्रकट अभ्यासक्रम केवळ योगायोगावर न सोडता तो जाणीवपूर्वक घडवण्याचा प्रयत्न ज्या संस्थेने केला, ती म्हणजे पूर्व जावातील पोनोरोगो जिल्ह्यातील गोंतोर. १९२६ मध्ये अहमद सहल, झैनुद्दीन फनानी आणि इमाम झर्कशी या तीन भावांनी तिला आधुनिक रूप दिले. इस्लामी विद्यालयाच्या या तिघा संस्थापकांना तेथे ‘त्रिमूर्ती’ म्हणतात! संस्थेच्या आधारभूत मूल्यांचे नावही ‘पंच जिवा’: निरपेक्षता, साधेपणा, स्वावलंबन, धर्मबंधुत्व आणि स्वातंत्र्य. विद्यार्थी जे पाहतो, ऐकतो, अनुभवतो ते सर्व शिक्षणच आहे, हे तेथील अधिकृत सूत्र आहे. विषयापेक्षा पद्धती महत्त्वाची, पद्धतीपेक्षा शिक्षक महत्त्वाचा आणि शिक्षकापेक्षा त्याच्यातील चैतन्य महत्त्वाचे, असेही तेथे सांगितले जाते. विद्यार्थ्यांनी दैनंदिन व्यवहारात अरबी आणि इंग्रजी बोलायची, भांडार आणि शिस्त वरच्या वर्गांतील मुलांनी सांभाळायची, अशी तेथील रीत आहे. १९५८ मध्ये संस्थापकांनी संस्थेची मालमत्ता आपल्या वारसांकडे न ठेवता विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. मालकी सोडण्याचे हे कृत्य स्वतःच एक मोठा पाठ होता.

परंतु गोंतोरचाच इतिहास एक अस्वस्थ करणारा प्रश्नही उभा करतो. नुरखोलिश माजिद हे गोंतोरचे विद्यार्थी. १९७० मध्ये त्यांनी धर्मश्रद्धा आणि धर्माधिष्ठित पक्ष या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचे निर्भयपणे मांडले आणि इंडोनेशियातील बहुविधतेच्या विचाराचे ते अध्वर्यू ठरले. अबू बकर बाशीर हेही गोंतोरचेच विद्यार्थी. तीच घंटा, तेच ताट, तीच पंच मूल्ये; आणि तरी एकाची वाट राष्ट्राच्या समावेशक कल्पनेकडे गेली, तर दुसऱ्याची न्ग्रुकीकडे. यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, अप्रकट अभ्यासक्रम हा साचा नव्हे. माणूस त्यातून ओतून काढता येत नाही. म्हणून ‘अमुक विद्यालयाचा विद्यार्थी म्हणजे अमुकच’ असा शिक्का मारणे अविचाराचे आहे. दुसरा असा की, शिस्त, त्याग, साधेपणा ही मूल्ये स्वतः दिशाहीन आहेत. ती कोणत्या ध्येयाच्या सेवेला जुंपली जातात, यावर त्यांचे फळ अवलंबून असते.

ते फळ किती कडू असू शकते, हे १२ ऑक्टोबर २००२ च्या रात्री हिंदुबहुल बालीतील कुटा येथे दिसले. २०२ निरपराध माणसे त्या स्फोटांत मारली गेली. या कटासाठी नोव्हेंबर २००८ मध्ये ज्या तिघांना मृत्युदंड देण्यात आला, त्यांपैकी अली गुफ्रोन ऊर्फ मुख्लास हा न्ग्रुकीत शिकलेला होता. अब्दुल्ला सुंगकार आणि बाशीर हे विद्यालयाचे संस्थापक १९८५ मध्ये शिक्षा टाळून मलेशियात गेले आणि तेथेच १९९३ मध्ये ‘जेमाह इस्लामिया’ ही संघटना जन्मली. न्यायाची बाजू म्हणून हेही नमूद केले पाहिजे की, न्ग्रुकीतून बाहेर पडलेल्या हजारो मुलांनी कधी शस्त्र हाती धरले नाही. आणि देशातील पेसांत्रेनपैकी हिंसक विचाराच्या संस्था मूठभरच होत्या. परंतु मूठभर संस्थांच्या दालनांत, रात्रीच्या निवडक बैठकांत, गुरूच्या विश्वासातील पाच-दहा मुलांच्या कानांत जे सांगितले गेले, ते राष्ट्राला फार महागात पडले. ३० जून २०२४ रोजी बोगोर येथे या संघटनेच्या ज्येष्ठ नेत्यांनी ती विसर्जित केल्याचे घोषित केले. त्या वेळी त्यांनी दिलेले एक आश्वासन विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्याशी संबंधित विद्यालयांचा अभ्यासक्रम तपासून तो मुख्य प्रवाहाशी सुसंगत केला जाईल, असे ते होते. संघटनेचे खरे बळ कोठे साठवलेले होते, याची ही त्यांनी स्वतःच दिलेली कबुलीच होय. मात्र पुस्तके बदलणे एका वर्षाचे काम आहे. शिक्षकांच्या बोलण्यातील सूर बदलण्यास एक पिढी लागते.

दहशतवाद हा या विषयाचा सर्वांत भयंकर भाग असला तरी सर्वांत व्यापक भाग नव्हे. त्याहून अधिक मुलांना स्पर्श करणारा प्रश्न श्रद्धेचा आणि सत्तेचा आहे. पेसांत्रेनमध्ये क्याईच्या कृपेला ‘बरकत’ म्हणतात. विद्या ग्रंथातून मिळते, परंतु ती फळते ती गुरूच्या बरकतीने, अशी तेथील दृढ धारणा आहे. म्हणून विद्यार्थी गुरूसमोर वाकून जातात, त्याच्या हाताचे चुंबन घेतात, त्याच्या घरची कामे सेवा म्हणून करतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एका खासगी दूरचित्रवाणी वाहिनीने केदिरी येथील लिरबोयो या १९१० पासूनच्या प्रतिष्ठित पेसांत्रेनमधील अशा दृश्यांची टवाळी केली, तेव्हा माजी विद्यार्थ्यांत संतापाची लाट उसळली आणि वाहिनीला क्षमा मागावी लागली. टवाळी हीन अभिरुचीची होती, यात शंका नाही. गुरूपुढे नम्र होणे यात लाजिरवाणे काहीच नाही; भारतीय मनाला तर ते सहज समजते. परंतु टवाळी चुकीची होती म्हणून प्रश्नच उरला नाही, असे होत नाही. नम्रता कोठे संपते आणि निमूटपणा कोठे सुरू होतो, हा तो प्रश्न आहे.

या प्रश्नाची किंमत कोणी मोजली, हे न्यायालयांच्या नोंदींत आहे. बांडुंग येथील एका निवासी विद्यालयाच्या चालकाने तेरा विद्यार्थिनींवर वर्षानुवर्षे अत्याचार केले. त्यांतील काही मुली माता झाल्या. २०२२ मध्ये त्याला प्रथम जन्मठेप आणि अपिलात मृत्युदंड सुनावण्यात आला. इतकी वर्षे ही गोष्ट भिंतीबाहेर का आली नाही? याचे उत्तर प्रकट अभ्यासक्रमात सापडणार नाही. गुरूविरुद्ध बोलणे हे पाप, संस्थेची वाच्यता करणे हा कृतघ्नपणा, हा अप्रकट पाठ मुली आधीच शिकलेल्या असतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोंतोरमध्ये एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. शिबिरातील अतिश्रमाने तो दगावला, असे घरच्यांना आरंभी सांगण्यात आले. आईने पाठपुरावा केल्यानंतर संस्थेने मारहाण झाल्याचे मान्य केले आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांवर गुन्हा दाखल झाला. नेतृत्वाचे शिक्षण म्हणून मोठ्या मुलांच्या हाती दिलेला दंड काय करू शकतो, याचे याहून दुःखद उदाहरण नसेल. आणि २९ सप्टेंबर २०२५ रोजी सिदोआर्जो जिल्ह्यातील अल खोझिनी या पेसांत्रेनची इमारत दुपारच्या प्रार्थनेच्या वेळी कोसळली. वरच्या मजल्यांचे काम चालू असतानाच खाली मुले प्रार्थनेला उभी होती. साठाहून अधिक जीव गेले, बहुतेक किशोरवयीन मुलांचे. वरच्या मजल्यांचा भार पाया पेलेल का, हा साधा प्रश्न विचारण्याची सवय ज्या वातावरणात कोणालाच नसते, तेथे केवळ श्रद्धेच्या बळावर छप्पर टिकत नाही.

शासनाने काही केले नाही, असे म्हणता येणार नाही. १९७५ मध्ये तीन मंत्र्यांच्या संयुक्त निर्णयाने मदरशांतील सामान्य विषयांचे प्रमाण सत्तर टक्के करण्यात आले आणि तेथील मुलांना इतर शाळांची आणि उच्च शिक्षणाची दारे उघडली. २०१९ च्या पेसांत्रेन अधिनियमाने या संस्थांना औपचारिक मान्यता आणि साहाय्य दिले. त्याच वेळी पंचशील, राज्यघटना आणि विविधतेतील एकतेचे राष्ट्रीय ब्रीद यांच्याशी निष्ठा ही अट घातली. गुणवत्तेची तपासणी बाहेरच्या नोकरशाहीऐवजी धर्मविद्वानांच्याच मंडळाकडे सोपवली. २०२२ मध्ये लैंगिक अत्याचारविरोधी कायदा झाला आणि धार्मिक व्यवहार मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतील शिक्षणसंस्थांसाठी स्वतंत्र नियमावली काढली. २०२५ मध्ये मंत्री नसरुद्दीन उमर यांनी ‘प्रेमाधिष्ठित अभ्यासक्रम’ ही कल्पना मांडली. हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि अडचण अशी की, शासनाचा हात प्रकट अभ्यासक्रमापर्यंतच पोहोचतो. निरीक्षक दुपारी बारा वाजता येतो. अप्रकट अभ्यासक्रम रात्री दहानंतर चालतो. प्रेमाचा धडा छापून वाटता येतो, पण तो शिकवणाऱ्याच्या हातात छडी असेल तर विद्यार्थी छडीच शिकतो.

म्हणून परिवर्तन आतूनच व्हावे लागते आणि त्यासाठी लागणारी सामग्री त्या परंपरेतच आहे, ही यातील आशादायक गोष्ट. विद्यार्थ्याने गुरूचा आदर कसा करावा, हे शिकवण्यासाठी पेसांत्रेनमध्ये सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या अल-झर्नुजी यांचा ग्रंथ लावला जातो. आज्ञापालनाचा आधार म्हणून त्याच्याकडे नेहमी बोट दाखवले जाते. पण गुरूची निवड पूर्ण विचारांती करावी आणि विद्या चर्चेने, वादविवादाने पक्की करावी, असेही त्याच ग्रंथाचे सांगणे आहे. ज्या लिरबोयोत विद्यार्थी क्याईसमोर वाकतात, तेथेच ‘बाहसुल मसाईल’ या शास्त्रचर्चेत ते ग्रंथांचे दाखले देत एकमेकांचे म्हणणे खोडून काढतात. मदुरा बेटावरील अन्नुकाया या पेसांत्रेनने रुक्ष भूमीवर वृक्ष जगवले आणि १९८१ मध्ये पर्यावरणासाठीचा ‘कल्पतरू’ हा राष्ट्रीय सन्मान मिळवला. झाडाला पाणी घालणाऱ्या हातांना भूमिनिष्ठेचे वेगळे व्याख्यान द्यावे लागले नाही. एप्रिल २०१७ मध्ये चिरेबोनच्या केबोन जांबू या पेसांत्रेनमध्ये स्त्री-धर्मविद्वानांचे अधिवेशन भरले. बालविवाह, लैंगिक अत्याचार आणि निसर्गाचा विध्वंस यांविरुद्ध त्यांनी धार्मिक निर्णय दिले. त्या अंगणातील मुलींनी त्या तीन दिवसांत जे पाहिले, ते त्यांच्या पुस्तकात नव्हते: स्त्रीही शास्त्राचा अर्थ सांगू शकते. तेबुइरेंगच्या संस्थापकाचे नातू अब्दुर्रहमान वाहिद पेसांत्रेनच्या परंपरेतच वाढले आणि १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी चिनी अल्पसंख्याकांच्या उत्सवांवरील जुनी बंधने उठवली. परंपरा माणसाला आखडते तशी ती त्याला निर्भयही करू शकते.

मग अप्रकट अभ्यासक्रमाचा विकास करावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे? पहिली गोष्ट, तो लिहून काढायचा. संस्थेत शिक्षा कोण देतो, कोणती देतो, रात्री मुलांपाशी कोण असते, सेवा म्हणून कोणते काम घेतले जाते, हे कागदावर आले आणि पालकांच्या हाती पडले की निम्मा अंधार नाहीसा होतो. दुसरी गोष्ट, मोठ्या मुलांना जबाबदारी जरूर द्यावी. दंडाधिकार देऊ नये. तिसरी, मुलाला संस्थेबाहेरच्या व्यक्तीपाशी निर्भयपणे तक्रार करता यावी आणि तक्रार करणे हा गुरुद्रोह नव्हे, हे स्वतः गुरूने प्रार्थनेनंतर सर्वांसमक्ष सांगावे. परिपत्रकाने ते साधणार नाही. चौथी, आपल्याहून वेगळ्या श्रद्धेच्या माणसाशी मुलाची प्रत्यक्ष भेट व्हावी. ज्याने कधी बालीचे मंदिर पाहिले नाही, तेथील पुजाऱ्याच्या घरचे पाणी प्यायले नाही, त्याला परधर्मीयाविषयी काहीही सांगता येते. पाचवी आणि सर्वांत अवघड, ‘मला ठाऊक नाही’ आणि ‘माझे चुकले’ ही दोन वाक्ये गुरूच्या तोंडून मुलांच्या कानी पडावीत.

भारतात, महाराष्ट्रातही, मदरशांविषयीची चर्चा बहुधा विषयांपाशीच थांबते. विज्ञान, गणित, मराठी शिकवले जाते की नाही? राज्य शासनाची २०१३ पासूनची डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना याच भूमिकेतून आली आणि ते विषय शिकवले गेलेच पाहिजेत, याविषयी दुमत नाही. परंतु इंडोनेशियाचा अनुभव सांगतो की, सत्तर टक्के सामान्य विषय आले तरी उरलेला प्रश्न टक्क्यांत मोजता येत नाही. तो प्रश्न विचारण्याचे पहिले उत्तरदायित्व मुस्लिम समाजातील सुजाण पालकांचे आणि धर्मविद्वानांचे आहे. कारण आत त्यांची मुले आहेत. बाहेरच्यांनी तो विचारावा, पण उपहासाने नव्हे. उपहासाने दारे अधिकच बंद होतात, हे लिरबोयोच्या प्रकरणात दिसून आले.

आणि हा प्रश्न एकाच समाजापुरता मानण्याची चूकही करू नये. वनवासी भागातील वसतिगृहे, आश्रमशाळा, वेदपाठशाळा, सैनिकी विद्यालये, क्रीडाप्रबोधिनी, गुरुकुले, या सर्व ठिकाणी मुले घरापासून दूर, कोणाच्या तरी विश्वासावर राहतात. त्यांतील पुष्कळ संस्था अनेकांनी आयुष्य वेचून उभ्या केल्या आहेत आणि ‘आमच्याकडे संस्कार होतात’ हे त्यांचे अभिमानाचे वाक्य आहे. तो अभिमान सार्थ ठरवायचा असेल तर न्ग्रुकीच्या ध्वजस्तंभाचा आणि सिदोआर्जोच्या ढिगाऱ्याचा आरसा स्वतःपुढेही धरावा लागेल. आपल्या वसतिगृहातील सर्वांत लहान मुलगा रात्री दिवे मालवल्यावर कोणाला भितो? त्याला काही सांगायचे असेल तर तो कोणापाशी जाईल? ज्यांना या दोन प्रश्नांची उत्तरे ठाऊक आहेत, त्यांनीच आपल्या संस्थेत संस्कार होतात असे म्हणावे. ज्यांना ती ठाऊक नाहीत, त्यांनी आज रात्री वसतिगृहाची एक फेरी अवश्य मारावी.